वाचक विचारतात : माइक लावला तरी आवाज का येत नाही?

गेल्या अंकात घरच्या घरी आवाज रेकॉर्ड करण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून पत्रं आणि मेसेज येतायत आणि बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडलेत. माइक आणला, कॉम्प्युटरला लावला, लाल बटण दाबलं आणि काहीच आलं नाही. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बार्शीच्या ताईंना जास्त जागा दिलीय कारण त्यांचं काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही, शिवाय त्यांच्या उत्तरात बाकीच्या बऱ्याच जणांचं उत्तर आपोआप येऊन जातं.

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या इतक्या पाठ आहेत की दुपार सरते पण ओव्या सरत नाहीत. त्या रेकॉर्ड करून ठेवाव्यात म्हणून मी ऑनलाइन कॉलर माइक मागवला, मुलाचा विंडोज ११ चा लॅपटॉप आहे त्यात ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम टाकून घेतला. पहिल्या दिवशी दीड तास रेकॉर्ड केलं आणि ऐकलं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा, वर फॅनची घरघर. मग भाच्याने काहीतरी केलं, लॅपटॉपने काय लावलंय असं विचारलं तिथे त्याने माइक निवडलं, तेव्हापासून नुसती सरळ रेघ येते, आवाजच नाही. दुकानात नेला तर म्हणाले साउंडचं गेलंय, मदरबोर्ड बदलावा लागेल. पण त्याच जॅकमध्ये हेडफोन लावला की गाणी नीट ऐकू येतात. माइकच्या डबीत एक वीतभर वायर पण होती, तिच्यावर मोबाइलचं चित्र होतं म्हणून कपाटात ठेवून दिली. पिनचा फोटो सोबत पाठवतेय. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी एक काम करा, लॅपटॉपचं सगळं बाजूला ठेवा आणि आज दुपारी सासूबाई बसल्या की तुमचा मोबाइल त्यांच्यापासून हातभर अंतरावर एखाद्या घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून त्यातल्या व्हॉइस रेकॉर्डरवर ओव्या घ्यायला सुरुवात करा. फॅन बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. मोबाइलचा माइक वाटतो त्यापेक्षा पुष्कळ चांगला असतो. कॉलर माइकचं आपण दोन दिवसांत लावूच पण तोवर ओव्या थांबायला नकोत, ८४ वर्षांच्या माणसाला आज आठवलेली ओवी उद्या आठवेलच असं नाही.

आता मदरबोर्ड. तो बदलू नका. जॅकमध्ये हेडफोन लावल्यावर गाणी ऐकू येतात म्हणजे साउंडची चिप जिवंत आहे, आणि पहिल्या दिवशी विहिरीतला का होईना आवाज आला म्हणजे लॅपटॉप रेकॉर्डही करतोय. तुमच्या पत्रात खरं उत्तर शेवटच्या दोन ओळींत आहे, ती वीतभर वायर आणि तो फोटो.

फोटोत पिनवर दोन काळ्या रेघा दिसतायत. घरात मोबाइलचा जुना वायरवाला इअरफोन असेल, ज्यावर बोलताही येतं, तर त्याची पिन शेजारी धरून बघा, त्यावर तीन रेघा असतील. दोन रेघा म्हणजे पिनचे तीन तुकडे, तीन रेघा म्हणजे चार तुकडे. आजकालच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो आणि तो चार तुकड्यांच्या पिनसाठी केलेला असतो, टोकाचा तुकडा डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा, तिसरा ग्राउंड, म्हणजे सगळ्यांची परतीची सामाईक तार, आणि अगदी मुळाशी असलेला चौथा माइकचा. तुमची पिन तीन तुकड्यांची आहे, म्हणजे तिचा मुळाचा तुकडा लांब आहे आणि तो जॅकच्या आत ग्राउंड आणि माइक अशा दोन्ही पट्ट्यांना एकदम चिकटतो. लॅपटॉपच्या दृष्टीने माइकची तार ग्राउंडला टेकलेली आहे, म्हणजे हा माइक नसून साधा हेडफोन आहे, अशी त्याची समजूत होते. म्हणून पहिल्या दिवशी त्याने तुमचा कॉलर माइक धरलाच नाही, स्वतःच्या कॅमेऱ्याशेजारच्या माइकवरून खोलीतला सगळा आवाज घेतला, फॅनसकट. भाच्याने माइक निवडलं तेव्हा लॅपटॉप त्या ग्राउंडला टेकलेल्या तारेवर ऐकायला लागला आणि तिथे ऐकण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून सरळ रेघ. भाच्याचं काही चुकलं नाही, काही लॅपटॉपवर एवढं केल्याने जमतं, तुमच्यावर जमलं नाही.

ती कपाटातली वायर काढा. तिच्या एका टोकाला दोन रेघांची पिन घालायचा जॅक असेल आणि दुसऱ्या टोकाला तीन रेघांची पिन. मोबाइलचं चित्र आहे कारण मोबाइलला जॅक असतो तोही असाच चार तुकड्यांचा असतो, आणि जे मोबाइलला चालतं तेच या लॅपटॉपला चालतं. माइक त्या वायरमध्ये आणि वायर लॅपटॉपमध्ये. पिन शेवटपर्यंत दाबा, नवीन जॅक घट्ट असतो आणि अर्ध्या मिलिमीटरने बाहेर राहिली तरी तुकडे सरकतात आणि सगळं गणित चुकतं. खट् असं बोटाला लागलं पाहिजे.

(ज्यांच्याकडे अशी वायर नाही त्यांच्यासाठी : दुकानात नुसतं स्प्लिटर द्या म्हणू नका, दोन हेडफोन एकत्र लावायची वाय आकाराची वायर हातात पडते, ती दिसायला तशीच असते आणि उपयोग शून्य. ज्याच्या एका जॅकवर माइकचं आणि दुसऱ्यावर हेडफोनचं चित्र आहे, आणि ज्याच्या पिनवर तीन रेघा आहेत, ते घ्या. शे-दोनशे रुपयांत मिळतं.)

आता टिचकी. ही टिचकीची परीक्षा मी प्रत्येक वेळी घेते, अगदी सगळं नीट आहे याची खात्री असली तरी. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग सुरू करा, खोलीत कोणी बोलायचं नाही, कॉलर माइकच्या जाळीवर नखाने हलकेच तीन टिचक्या मारा, मग थोडं थांबून लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी तीन टिचक्या मारा. स्क्रीनवरच्या रेघेत जिथे उंच काटे उभे राहतील तो माइक चालू आहे. कॉलरच्या टिचकीला काटा आणि लॅपटॉपच्या टिचकीला नुसतं खुट्ट, असं हवं. उलटं झालं तर लॅपटॉप अजून स्वतःच्याच कानाने ऐकतोय. दोन्हीकडे काहीच नाही तर बहुधा परवानगीचा घोळ आहे, तो खाली सांगते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण पहिल्याच दिवशी केलं असतं तर तुमचे ते दीड तास वाचले असते.

परवानगीचं असं आहे की विंडोजमध्ये कुठल्या प्रोग्रामने माइक वापरायचा याचं एक वेगळं कुलूप असतं, आणि ते बंद असलं की तुम्ही माइक कितीही महागाचा लावा, प्रोग्रामला आवाज पोचतच नाही, आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा काही सूचनाही येत नाही, सरळ रेघ पुढे सरकत राहते. सेटिंग्ज उघडा, डावीकडे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात खाली मायक्रोफोन. तिथे सगळ्यात वरचं बटण चालू पाहिजे, त्याखालचं ॲप्सचं चालू पाहिजे, आणि पार तळाशी डेस्कटॉप ॲप्स असं एक वेगळंच बटण आहे तेही चालू पाहिजे. ऑडॅसिटी या शेवटच्या बटणात मोडतं, आणि लोक वरची दोन बघून परत फिरतात.

मग सेटिंग्जमध्येच सिस्टिम, त्यात साउंड, त्यात इनपुट. इथे जोडलेल्या माइकची यादी येते. नाव कॉलर माइक असं येत नाही, एक्स्टर्नल मायक्रोफोन किंवा हेडसेट मायक्रोफोन असं काहीतरी येतं. ते निवडा आणि बोला, शेजारची पट्टी हलली पाहिजे. यादीत नसेलच तर त्याच पानावर खाली मोअर साउंड सेटिंग्ज आहे, ते दाबलं की जुन्या पद्धतीची छोटी खिडकी उघडते, त्यात रेकॉर्डिंगमध्ये मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबा आणि शो डिसेबल्ड डिव्हायसेसवर टिक करा, कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेला माइक तिथे फिका दिसतो, त्यावर उजवं बटण दाबून तो चालू करा.

पट्टी हलली म्हणजे विंडोजपर्यंत आवाज आला. आता ऑडॅसिटी. या प्रोग्रामची एक सवय लक्षात ठेवा, उघडताना जे माइक जोडलेले असतात तेवढेच त्याला माहीत असतात. तुम्ही आधी ऑडॅसिटी उघडून मग माइक लावला तर तो माइक त्याच्या यादीत येणारच नाही. नवीन ऑडॅसिटीत वर ऑडिओ सेटअप असं बटण आहे, त्यात रीस्कॅन म्हणून सोय आहे ती दाबा, किंवा सरळ प्रोग्राम बंद करून परत उघडा. मग त्याच बटणातून रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये तुमचा माइक निवडा आणि चॅनलमध्ये मोनो ठेवा. एका माणसाच्या आवाजाला स्टिरिओची गरज नसते, फाइल मात्र दुप्पट होते.

इथपर्यंत आलात की परत टिचकी मारून बघा.

माइकच्या वायरवर मध्येच एखादी छोटी डबी असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट मधेच सांगते. त्या डबीवर सरकवायचा स्विच असतो, एका बाजूला कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला स्मार्टफोन, आणि आत बटणासारखा गोल सेल. स्विच कॅमेऱ्याकडे असेल तर माइक त्या सेलवर चालतो, मोबाइलकडे असेल तर मोबाइलने दिलेल्या विजेवर. वरच्या प्रकारच्या लॅपटॉपला लावताना तो मोबाइलच्या बाजूला ठेवून बघा, नाही जमलं तर दुसऱ्या बाजूला. आणि कॅमेऱ्याच्या बाजूला तसाच राहिला तर सेल उतरून जातो, पुढच्या वेळी माइक मुका. या एवढ्याशा स्विचपायी माझी एका आजोबांची पाऊण तासाची मुलाखत गेलीय. ते परत बसले, परत बोलले, पण पहिल्यांदा त्यांनी त्यांच्या भावाबद्दल जे सांगितलं होतं ते दुसऱ्यांदा सांगितलंच नाही आणि मलाही परत विचारवलं नाही. तेव्हापासून बसायच्या आधी मी स्विच बघते, टिचकी मारते, दहा सेकंद रेकॉर्ड करून कानाला हेडफोन लावून ऐकते, मगच समोरच्याला बोला म्हणते.

आता सासूबाईंच्या अंगावर माइक कुठे लावायचा. हनुवटीपासून साधारण एक वीत खाली, पण पदराखाली नाही. सुती लुगड्याचा पदर माइकवर घासला की रेकॉर्डिंगमध्ये कोणी वाळूत चालतंय असा आवाज येतो आणि तो नंतर कुठल्याही प्रोग्रामने धड निघत नाही. पदर डाव्या खांद्यावर असेल तर क्लिप चोळीच्या गळ्याला उजव्या बाजूला लावा, वायरचा एक सैल वेढा करून तो पिनेने अडकवा म्हणजे हात हलला तरी माइकला झटका बसत नाही. गळ्यात मणिमंगळसूत्र आणि बोरमाळ असेल तर माइक त्यांच्या वरच्या बाजूला, त्यांना लागणार नाही असा येऊ द्या. हातातल्या बांगड्या काढायला मात्र सांगू नका, आणि जात्यावर बसून त्या म्हणणार असतील तर जात्याची घरघरही राहू द्या. फॅनची घरघर नको होती, जात्याची हवी आहे, ओवीची चालच त्या फेऱ्याला बांधलेली असते. जमलं तर एकदा जात्यावर आणि एकदा नुसतं बसून, असं दोनदा घ्या, म्हणजे शब्द उतरवून घ्यायला दुसरं सोपं जाईल.

आवाजाची पातळी : ऑडॅसिटीच्या वरच्या मीटरमध्ये त्या मोठ्याने म्हणतात तेव्हा पट्टी उणे १२ ते उणे ६ च्या मधे पोचली की पुरे. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज परत शिवता येत नाही, कमी आलेला मात्र नंतर वाढवता येतो. फारच कमी येत असेल तर त्याच छोट्या खिडकीत माइकवर दोनदा क्लिक करून लेव्हल्समध्ये मायक्रोफोन बूस्ट असतो, तो १० किंवा २० डेसिबल करा, ३० केलात तर सूं असा आवाज चढतो.

आणि सेव्ह करताना जपा. ऑडॅसिटीत सेव्ह प्रोजेक्ट केलं म्हणजे गाण्याची फाइल झाली असं नसतं, ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते, पुण्याच्या नणंदेला पाठवली तर तिच्या मोबाइलवर काहीच वाजणार नाही. एक्सपोर्टमध्ये जाऊन वेव्ह फाइल काढा, मोनोत तासाला साधारण ३०० एमबी होते, ती मूळ प्रत म्हणून पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपी३ काढा.

तुम्हाला माहीत असेल, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि त्यातल्या काही आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर गायलेल्या आवाजात ऐकता येतात. तिथे ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव, वय असं सगळं दिलेलं असतं. तुम्हीही तेवढं करा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुमच्या आवाजात सासूबाईंचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि तारीख बोला, आणि ही ओवी कोणाकडून ऐकली ते त्यांना आठवत असेल तर त्यांनाच सांगू द्या. फाइलचं नाव बदलतं, पेन ड्राइव्हवरची चिठ्ठी पडते, पण रेकॉर्डिंगच्या आत बोललेलं कुठे जात नाही.

प्रश्न : आमच्या गावात भजनी मंडळ आहे, एकादशीला देवळात भजन असतं. ॲम्प्लिफायर आणि स्टेजचे माइक मंडळाचे आहेत. त्यातला एक माइक कन्व्हर्टर पिन लावून कॉम्प्युटरला जोडला तर कानाला जेमतेम ऐकू येईल एवढाच आवाज येतो. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या वायरीतून कॉम्प्युटरला जोडलं तर चालेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, स्पीकरची वायर कॉम्प्युटरला अजिबात जोडू नका. त्या वायरीत स्पीकरचा पडदा हलवण्याएवढी ताकद असते, कॉम्प्युटरचा माइकचा जॅक जळू शकतो, मग खरोखरच मदरबोर्डचं काम निघेल.

स्टेजचे माइक बहुतेक डायनॅमिक प्रकारचे असतात, आत एक पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि लोहचुंबक. त्याला वीज लागत नाही पण त्यातून निघणारा सिग्नल अगदी क्षीण, मिलिव्होल्टमध्ये मोजण्याएवढा असतो, तुमचा ॲम्प्लिफायर तो आधी वाढवतो आणि मग पुढे पाठवतो. कॉम्प्युटरचा गुलाबी जॅक ज्या माइकसाठी केलेला असतो तो वेगळा, त्याच्या आतच एक छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि कॉम्प्युटर त्याला दोन-तीन व्होल्ट पुरवतो. म्हणून तुमच्या माइकचा आवाज जेमतेम येतो, माइक काही बिघडलेला नाही.

ॲम्प्लिफायरच्या मागे बघा, लाइन आउट किंवा रेक आउट असं लिहिलेली लाल-पांढरी गोल सॉकेट बऱ्याच मॉडेलना असतात. तिथून वायर घ्या आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला मागे निळा जॅक असतो, लाइन इन, त्यात घाला. गुलाबीत नको, लाइनचा सिग्नल माइकपेक्षा शेकडो पट मोठा असतो आणि गुलाबीत घातला की टाळ सुरू झाल्याबरोबर सगळं फाटतं. मग सेटिंगमध्ये माइक न निवडता लाइन इन निवडा. याचा फायदा असा की पेटी, पखवाज, बुवांचा आवाज, जे जे माइकवर आहे ते सगळं एकत्र मिसळून येतं. टाळ आणि टाळकऱ्यांचा कोरस मात्र माइकवर नसला तर त्यात कमी येईल, त्यासाठी एक मोबाइल समोरच्या खांबाजवळ ठेवून वेगळं रेकॉर्ड करा आणि नंतर दोन्ही जुळवा. भजनात माणसं किती आहेत ते त्या मोबाइलच्या रेकॉर्डिंगमधूनच कळतं, नुसत्या लाइनच्या रेकॉर्डिंगमध्ये बुवा एकटेच गातायत असं वाटतं.

स्टुडिओतला कंडेन्सर माइक कोणी देणगी म्हणून दिला असेल तर त्याचं आणखी वेगळं, त्याला तीन पिनांचं गोल सॉकेट असतं आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस देतो, कॉम्प्युटरचा जॅक देऊ शकत नाही.

प्रश्न : असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे, पुढच्या जॅकमध्ये माइक लावला तर काहीच होत नाही.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मागच्या गुलाबी जॅकमध्ये लावून बघ. तिथे चालला तर माइक आणि विंडोज दोन्ही ठीक आहेत, पुढच्या जॅकची आतली वायर मदरबोर्डवर लावायची राहून गेलीय, असेंबल करताना हे फार वेळा होतं. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढ. एचडी ऑडिओ असं लिहिलेला चपटा कनेक्टर असतो, तो मदरबोर्डवर बहुतेक मागच्या जॅकच्या जवळच्या कोपऱ्यात बसतो आणि त्याचं एक भोक बुजवलेलं असतं म्हणून उलटा बसत नाही. जोर लावू नकोस. हे नको वाटत असेल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, पेन ड्राइव्हएवढं, त्याला गुलाबी आणि हिरवा असे दोन जॅक असतात, लावलं की विंडोज स्वतःच ओळखतं. माझ्या बॅगेत असं एक कायम असतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी मी गोष्टी रेकॉर्ड करते. मॅकबुकला यूएसबी माइक लावलाय, साउंडमध्ये पट्टी हलते, पण रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये शांतता. एकदा काहीतरी विचारलं होतं, मी बहुतेक नाही म्हटलं.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ते नाही म्हटलेलंच आडवं आलंय. २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून मॅक प्रत्येक ॲपसाठी माइकची परवानगी वेगळी विचारतो, ती एकदाच विचारतो आणि नाही म्हटलं की नंतर गप्प बसतो. सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन, तिथे तुमच्या ॲपचं नाव दिसेल, समोरचं बटण चालू करा आणि ॲप पूर्ण बंद करून परत उघडा, नुसती खिडकी बंद करून चालत नाही. गोष्टी सांगताना मुलांना समोर बसवता येत असेल तर बसवा. समोर कोणी ऐकणारं असलं की सांगणाऱ्याचा आवाज बदलतो आणि मराठी कमी ऐकायला मिळणाऱ्या मुलांना तो हुंकाराला थांबणारा, पुढे काय झालं माहितीये का म्हणणारा आवाज मिळाला पाहिजे.

प्रश्न : मी झूमवर हार्मोनियम आणि गाणं शिकवते. बाहेरचा माइक चालतो, बोलणं सगळ्यांना स्वच्छ ऐकू येतं, पण मी षड्ज धरला की दोन-तीन सेकंदांत आवाज विरतो असं विद्यार्थी सांगतात. तानपुरा तर त्यांना ऐकूच जात नाही. माइक बदलू का?
— एक संगीत शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : माइक बदलू नका, तो त्याचं काम चोख करतोय. झूमसारखे प्रोग्राम बोलण्यासाठी केलेले असतात, आणि फॅन, मिक्सर, एसी यांचा आवाज गाळायचा म्हणून ते एक साधा निकष लावतात, जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो तो गोंगाट. बोलण्यात चढउतार असतो म्हणून ते जाऊ देतात. आता तुमचा स्थिर लावलेला षड्ज आणि अखंड चालणारा तानपुरा त्या निकषात कसा बसणार ते बघा, जितका सूर स्थिर तितका प्रोग्रामला तो फॅन वाटतो. तुमचा सा विरतोय याचा अर्थ तो पक्का लागतोय.

झूमच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओत ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स अशी सोय आहे ती निवडा, आणि क्लास सुरू झाला की मीटिंगच्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात त्याचं बटण येतं ते चालू आहे ना हे प्रत्येक वेळी बघा. हे चालू केलं की प्रतिध्वनी गाळणंही कमी होतं, म्हणून तुम्ही हेडफोन लावूनच शिकवा, नाहीतर विद्यार्थ्यांचा आवाज तुमच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरून परत त्यांच्याकडे जाईल. एवढं करूनही सूर कापला जात असेल तर लॅपटॉप कंपनीने टाकलेलं आवाज गाळायचं स्वतःचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, तेही बंद करावं लागेल. आणि ब्लूटूथचा हेडफोन या कामाला घेऊ नका, त्याचा माइक चालू झाला की तो फोनवरच्या बोलण्याच्या दर्जावर उतरतो, हार्मोनियमचा वरचा सप्तक त्यात पत्र्यासारखा वाजतो, शिवाय आवाज थोडा मागून येतो, त्यात ताल कसा धरणार. वायरचाच घ्या.

प्रश्न : रेकॉर्डिंग होतं पण मागे सतत हम्म असा आवाज येतो.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. हम्म गेला तर तो घरच्या लाइनचा ५० हर्ट्झचा आवाज होता, अर्थिंग नसलं किंवा सैल असलं की तो चार्जरमधून माइकच्या वायरीत उतरतो. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर भागेल, पण वायरमनला बोलावून अर्थिंग एकदा तपासून घ्या. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकल्यावर मुंग्या येत असतील तर त्याला तेही सांगा, आणि हे काम आधी करून घ्या, रेकॉर्डिंग नंतर.